लग्नाचे व्हिडिओ आणि गेमिंग एकाच पीसीवर: आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, वापरून झाल्यावर

फक्त गेम खेळायचे असतील तर हा रिव्ह्यू तुमच्या फारसा कामाचा नाही, आधीच सांगतो. आमच्याकडे पीसी एक आणि गिऱ्हाइकं दोन, दिवसा मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री धाकटा भाऊ त्याच खुर्चीत बसून गेम खेळतो, त्यामुळे नवीन पीसीत ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकायचं यावरून घरात वाजणारच होतं. त्याला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) पाहिजे, मला एडिटिंगची टाइमलाइन अडकायला नको. यूट्यूबवर बघावं तर जो तो एफपीएसचेच आकडे दाखवतो, एडिटिंगचं काय ते शेवटी घाईघाईत उरकतात.

शेवटी घेतलं एन्व्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीवालं. ते १६ नीट वाचा, कारण याच नावाचं ८ जीबीचं कार्ड पण येतं, चिप तीच, खोका पण तसाच, फरक काय तर कोपऱ्यातला बारीक आकडा. एप्रिल २०२५ मधे दोन्ही आली तेव्हा अमेरिकेत ३७९ आणि ४२९ डॉलर किंमत ठेवलेली, म्हणजे ५० डॉलरमधे मेमरी डबल. आपल्याकडे वर १८ टक्के जीएसटी, डीलरचं मार्जिन वगैरे धरलं तरी ८ वालं एडिटिंगसाठी कोण आणि का घेईल मला खरंच कळत नाही.

आता मेमरी खाते कोण ते सांगतो. आपल्याकडच्या हॉलमधे रिसेप्शनला स्टेजवर लाइटचा भडिमार आणि मागे जेवणाच्या पंगतीकडे अंधार, तिथलं फुटेज कॅमेऱ्याचं आयएसओ (प्रकाशाची सेन्सिटिव्हिटी) चढवूनच काढावं लागतं आणि त्यात दाणे येतात, मग रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधे त्याच्यावर दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन टाकलं, वर कलर करेक्शनचे दोन-चार नोड (थर) आणि टाइमलाइन ४के, की ८ जीबीवाल्या कार्डवर जीपीयू मेमरी फुल झाल्याचा मेसेज येऊन बसतो. माझ्या मित्राकडे हे डोळ्यांनी बघितलंय, बिचारा क्लिप तोडून तोडून रेंडर मारत होता. १६ वर आलो तसा तो मेसेज मला अजून दिसलेला नाही.

दुसरी गोष्ट याहून कामाची आहे आणि दुकानात कोणी सांगत नाही. आजकालचे सोनीचे वगैरे कॅमेरे १० बिट ४:२:२ मधे, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवून, शूट करतात. एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटमधलं असलं फुटेज एन्व्हिडियाच्या ४० सिरीजपर्यंतची कार्डं हार्डवेअरवर डीकोडच करू शकत नव्हती, सगळा भार प्रोसेसरवर यायचा आणि प्लेबॅक गचके खायचा. ५० सिरीजमधे ते आलं. प्रीमिअर (माझं दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर) मात्र अपडेटेड पाहिजे. आधी मी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनवायला लावून जेवायला जायचो, आता तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम सरळ चालतो. तुमच्याकडे आधीपासून ४० सिरीजचं कार्ड असेल तर लगेच विकायला काढू नका, इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स हे काम करतं, फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात इनबिल्ट ग्राफिक्सच नसतं. थोडे पैसे वाचतात म्हणून दुकानदार हमखास एफ वालाच पुढे करतो.

एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी पण लिस्टमधे होतं, अमेरिकेत ३४९ डॉलरला आलेलं, आणि नुसतं गेमिंग असतं तर मी तेच उचललं असतं. पण माझे एक-दोन प्लगिन कुडाशिवाय (फक्त एन्व्हिडियाच्या कार्डवर चालणारी सिस्टिम) चालत नाहीत, विषय संपला. इंटेलचं आर्क बी५८० पण १२ जीबीचं आहे, बजेट टाइट असेल तर बघा.

भाऊ खूश आहे, १४४०पीला टेक्सचर फुल ठेवतो आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून एफपीएस वाढवणारं एन्व्हिडियाचं फीचर) लावून खेळतो. बोंब मारायचीच तर मेमरी बस १२८ बिटचीच आहे आणि कार्ड मदरबोर्डशी बोलायला आठच पीसीआय लेन वापरतं, कमी वेगाच्या जुन्या पीसीआय ३.० मदरबोर्डवर लावणार असाल तर हे लक्षात घ्या. कार्ड १८० वॅटचं आहे, कंपनी ६०० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) सांगते, तोच लावला. दोन फॅनवालं मॉडेल पुरतं, आमच्या रूमला एसी नाही, मे महिन्यात पण कार्डने कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती यूपीएसने. आपला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, रेंडर चालू असताना लाइट गेली तर कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर सगळं मिळून तो पीं पीं करून आडवा होतो.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, कॉम्प्युटर पार्टच्या बाजारातून. एका दुकानात कार्ड पाहिजे तर सोबत त्यांच्याकडचाच एसएमपीएस घ्या म्हणून अडून बसले, दुसऱ्याने "बिल के बिना दे दूँ?" विचारलं, दोघांनाही नमस्कार करून बाहेर पडलो. बिनबिलाचं घेऊन नंतर वॉरंटीसाठी कोणाच्या पाया पडणार? जिथून घेतलं तिथे काउंटरवरच सील फोडायला लावलं, खोक्यावरचा आणि कार्डवरचा सिरीयल नंबर जुळवला, मग तोच बिलावर लिहून घेतला, पोरगा जरा वैतागला पण लिहिलं त्याने. घरी आल्यावर जीपीयू-झेड या कार्डची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे मेमरी १६३८४ एमबी दिसतेय ना तेवढं बघून घ्या. ग्रँट रोडला ईस्टला उतरा, तिथून चालत जवळच आहे, आणि रविवारी जाऊ नका, बरीच शटर बंद असतात.