सात दिवसांचं इन्स्टंट लोन देणारं ॲप – पोरांनो, नादाला लागू नका

माझा धाकटा भाऊ सोलापुरात सात रस्त्याजवळ रूम करून शिकतोय, मेसचे पैसे थकले म्हणून त्याने हे ॲप टाकलं. मंजूर 5000, खात्यात आले 3200, बाकीचे प्रोसेसिंग फी म्हणून आधीच कापले आणि सातव्या दिवशी मागितले पूर्ण 5000, म्हणजे आठवड्याला 56 टक्के झाले की ओ!

मुदत संपायच्या आधीच फोन सुरू. इन्स्टॉल करताना कॉन्टॅक्टची परमिशन घेतलेली, त्यामुळे मामाला, कॉलेजच्या सरांना, मेसवाल्या काकूंना पण व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो आणि खाली लाल अक्षरात ‘फ्रॉड’. पोरगं जेवेना, कॉलेजला जाईना, बघवत नव्हतं.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे लोन ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो बघायची परवानगीच नाही, आणि सगळा खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतं ते आधी लेखी द्यावं लागतं. इथं कुठल्या बँकेचं की एनबीएफसीचं (बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या कंपनीचं) नावच नाही.

धमक्या येत असतील तर स्क्रीनशॉट ठेवा, 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला कळवा आणि हे फेडायला दुसरं ॲप तर अजिबात घेऊ नका. काकू नंतर म्हणाल्या, मला सांगितलं असतंस तर महिनाभर थांबले असते रे.