क्रूझच्या दिवशी ग्रीन गेट गाठायचं कसं: फ्रीवेवरून टॅक्सी की सीएसएमटीपर्यंत लोकल?

गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या क्रूझचं तिकीट निघालं की घरात पुढची चर्चा ठरलेली: बोटीपर्यंत जायचं कसं? तुम्ही दक्षिण मुंबईत राहत असाल तर हा प्रश्नच नाही. पण ठाणे, मुलुंड, डोंबिवली किंवा पुण्याहून निघणाऱ्याला निवड करावी लागते. दारातून थेट टॅक्सी करून ईस्टर्न फ्रीवेने बॅलार्ड पियरचं ग्रीन गेट, म्हणजे क्रूझ टर्मिनलकडे जाणारं गोदीचं फाटक, गाठायचं, की लोकलने सीएसएमटीला उतरून तिथून काळी-पिवळी करायची? मी ठाण्याचा आहे आणि दोन्ही प्रकारे जाऊन आलोय. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण तुमच्या घरातली माणसं आणि बॅगा बघून काय ते तुम्हीच ठरवा.

त्या दिवशी गोदीबाहेर नेमकं काय चालतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. बोट सकाळी परत आलेली असते. आधीच्या फेरीचे प्रवासी उतरतात, त्यांना न्यायला गाड्या येतात, आणि ती गर्दी पुरती हटायच्या आत दुपारच्या फेरीचे प्रवासी यायला लागतात. एका बोटीवर दीड हजाराच्या वर माणसं, आणि प्रत्येक घरामागे दोन-तीन मोठ्या बॅगा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर, ऐसपैस जागा, सगळं उत्तम. बाहेरचा रस्ता मात्र आहे तेवढाच आहे.

टॅक्सीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बॅगा एकदा डिकीत टाकल्या की थेट गेटवर उतरवायच्या. २०१३ पासून फ्रीवे आहे, त्यामुळे सायन, दादर, भायखळा टळतं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर छोट्या गाड्यांना टोलही नाही, त्यामुळे आनंदनगरच्या नाक्यावर पूर्वीसारखं तिष्ठत बसावं लागत नाही. चेंबूरहून फ्रीवेला लागलात की आणिकचा बोगदा, शिवडी, माझगाव भराभर मागे पडतात. नव्या माणसाला वाटतं, पोचलोच.

आणि मग गाडी फ्रीवेवरून खाली उतरते. माझा निर्णय झाला तो इथे.

फ्रीवे ऑरेंज गेटपाशी पी. डिमेलो रोडवर उतरतो. तिथून ग्रीन गेट काही लांब नाही. पण वरून सुसाट आलेल्या सगळ्या गाड्या याच रस्त्यावर ओतल्या जातात. त्यात गोदीत ये-जा करणारे ट्रेलर, आणि आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याच्या कामाचे पत्रे. शिवाय कर्नाक पुलाच्या जागी जुलै २०२५ मध्ये नवा सिंदूर पूल सुरू झाला, तिकडून मशीद बंदरच्या गाड्या याच रस्त्याला येऊन मिळतात. आम्ही अडकलो तेव्हा पुढे कंटेनरचा ट्रेलर होता आणि डावीकडे गोदीची लांबलचक भिंत. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मोबाइलवर पोचायला ११ मिनिटं दाखवत होते, बऱ्याच वेळाने पाहिलं तरी ११च. पुढच्या गाडीतलं एक कुटुंब कंटाळून खाली उतरलं. वडिलांच्या दोन्ही हातांत बॅगा, आईच्या कडेवर मूल, आणि एका बॅगेचं चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकलेलं. माझी आई ते बघत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "अरे, बोट थांबेल ना आपल्यासाठी?"

बोट थांबत नाही. चेक-इन बंद व्हायची वेळ तिकिटावर दिलेली असते आणि ती पाळली जाते. आम्ही वेळेत पोचलो, पण आईचा चेहरा संध्याकाळपर्यंत उतरलेलाच होता. टॅक्सीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. उशीर कुठेही होऊ शकतो, पण इथे तो अगदी शेवटच्या टप्प्यात होतो. तिथे ना रस्ता बदलता येत, ना बॅगा घेऊन धड चालता येत. वाटेत वाचवलेला सगळा वेळ तो एक तुकडा खाऊन टाकतो. सगळ्यांनाच हा अनुभव येतो असं मी म्हणणार नाही. सकाळी लवकर गेलेले माझे शेजारी फारसं न थांबता पोचले होते.

आता लोकल. बॅगा घेऊन लोकलने जायचं म्हटलं की घरातले नाक मुरडतात, आणि सकाळच्या गर्दीत त्यांचं बरोबरच आहे. पण बोर्डिंग बहुधा दुपारचं असतं. अकराच्या पुढे, ठाण्याहून सुटणारी धीमी धरली की बसायला जागा मिळते आणि बॅगा पायाशी राहतात. ठाण्याला लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. मुख्य म्हणजे सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. सगळे फलाट एका टोकाला येऊन मिळतात, त्यामुळे पूल चढायचा नाही, उतरायचा नाही. आईच्या गुडघ्यांचा विचार करता मला हे फार मोलाचं वाटतं.

उतरल्यावर मात्र सवयीने महापालिकेच्या बाजूला बाहेर पडू नका. मेल-एक्स्प्रेसच्या फलाटांकडे वळा आणि १८ नंबरच्या कडेने पी. डिमेलो रोडच्या बाजूला निघा. बॅगा जड असतील तर तिथे हमाल मिळतात. बाहेर आलात की सेंट जॉर्ज हॉस्पिटल शेजारी असतं. फ्रीवेवरून उतरणाऱ्या गाड्या जिथे तुंबतात तो भाग तुम्ही मागे टाकलेला असतो आणि ग्रीन गेट उरतं किलोमीटर-दीड किलोमीटर. काळी-पिवळीचं किमान भाडं, म्हणजे दीड किलोमीटरचे ३१ रुपये, त्याच्या आसपासच होतात. एवढ्या जवळच्या भाड्याला काही जण नकार देतात हे खरं. आम्हाला दुसऱ्याने होकार दिला आणि बॅगाही त्यानेच वर कॅरिअरला बांधल्या. अगदीच कोणी तयार झालं नाही, तर तेवढं अंतर चाकांच्या बॅगा ओढत चालताही येतं. फ्रीवेच्या तोंडाशी अडकलेल्याला ती सोय नाही.

रविवार असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघाच. मध्य मार्गावर ब्लॉक असला तरी गाड्या बहुतेक दुसऱ्या मार्गावरून वळवतात, उशिराने का होईना पोचवतात. हार्बरवाल्यांनी जास्त जपावं, कारण सीएसएमटीकडची वाहतूकच काही तास बंद ठेवतात. आझाद मैदानावर मोठं आंदोलन असेल तर दोन्ही पर्याय अवघड. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात तो सगळा परिसर कसा भरला होता ते आपण पाहिलंय. अशा वेळी आदल्या रात्रीच फोर्टात मुक्काम केलेला बरा.

पश्चिम उपनगरातल्यांना आणि विमानाने येणाऱ्यांना आता मेट्रो ३ आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते आणि सीएसएमटीला स्टेशन आहे. तिला मेगाब्लॉकचं भय नाही. पुणेकरांनी तर फार विचारच करू नये. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला निघून साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचवते. घाटातली कोंडी, अटल सेतूचा टोल आणि वर तोच पी. डिमेलो रोड, हे कशासाठी?

तरी व्हीलचेअर लागणारे आजोबा-आजी असतील, तान्हं बाळ असेल किंवा माणशी दोन बॅगा असतील, तर टॅक्सीच करा. फक्त मोबाइल दाखवतो त्या वेळेत तासभर सरळ मिळवा आणि ड्रायव्हरला "ग्रीन गेट, बॅलार्ड पियर" असं स्पष्ट सांगा. नुसतं "क्रूझ" म्हटलं तर काही जण भाऊच्या धक्क्याकडे वळतात, कारण मांडव्याची रो-रो बोट तिथून सुटते. स्वतःची गाडी नेऊन तिथे चार दिवस लावायचा विचार मात्र सोडून द्या.

परतीला मी टॅक्सीला नाही म्हणणार नाही. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे येत असते आणि तुम्ही उलट निघालेले असता, त्यामुळे ठाण्याच्या दिशेचा फ्रीवे बराच मोकळा मिळतो. गेटबाहेर उभे असलेले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. त्यांना सोडून बॅलार्ड इस्टेटच्या आतल्या गल्लीत थोडं चालत जा आणि मीटरने येणारी टॅक्सी धरा.