मेट्रिक्स मॉडेल : घरी राहून १६ आठवडे

दाखल न होता व्यसन सोडायचं, तर आठवड्यातून एकदा समुपदेशकासमोर तासभर बसणं बहुतेकांना पुरत नाही. अमेरिकेत त्यावर निघालेल्या उपायांपैकी मेट्रिक्स मॉडेल हा एक. १९८०च्या दशकात, कोकेनची लाट असताना, दक्षिण कॅलिफोर्नियात तो तयार झाला. पुढे 'सॅम्सा' या सरकारी संस्थेने सत्रांचं साहित्य फुकट खुलं केलं.

वेळापत्रक भरगच्च आहे. पहिले ४ आठवडे सुरुवातीच्या कौशल्यांची ८ सत्रं. पुन्हा व्यसनाकडे घसरण टाळण्याचा गट आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, एकूण ३२ सत्रं. शिवाय कुटुंबासाठी १२ सत्रं, आणि अधूनमधून लघवीची तपासणी. तपासणीत काही सापडलं म्हणून नाव काढून टाकत नाहीत, त्यावर बोलतात. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, कारण हाकलण्याची भीती असली की माणूस खोटं बोलतो किंवा यायचाच बंद होतो.

खरी जान आहे ती एका साध्या कागदात. पुढच्या २४ तासांचं तासातासाचं वेळापत्रक रुग्णाने स्वतः लिहायचं. गडबड इथेच होते. 'संध्याकाळी ६ ते ९ आराम' असं लिहून लोक मोकळे होतात, आणि नेमक्या त्याच तीन तासांत पाय जुन्या अड्ड्याकडे वळतात. बायकोने किंवा आईने भरलेला कागदही कुचकामी. तो पाळला जात नाही, वर घरात भांडण होतं. चांगला समुपदेशक 'आराम' खोडायला लावतो आणि विचारतो: कुठे, कोणासोबत, खिशात पैसे किती? पगाराच्या दिवशीचा कागद तर वेगळाच हवा. न पिता गेलेल्या प्रत्येक दिवसासाठी कॅलेंडरवर टिकली लावायची, हे पोरकट वाटतं. पण रिकामी चौकट सगळ्यांना दिसते.

दुसरी खबरदारी गटातल्या गप्पांची. 'आम्ही एका रात्रीत किती घ्यायचो' हे रंगवून सांगणं सुरू झालं की ऐकणाऱ्यांची तलफ जागी होते. तिथेच थांबवणारा नसेल तर गट नुकसान करतो. साधारण दीड महिन्यानंतर 'भिंत' लागते: उत्साह ओसरतो, कंटाळा आणि उदासी येते. गैरहजेरी वाढू लागते ती तेव्हाच.

निकालाचं म्हणाल, तर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मेथाम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थाच्या ९७८ रुग्णांच्या चाचणीत मेट्रिक्स गटातले लोक नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त टिकले, उपचार चालू असताना त्यांच्या तपासण्याही जास्त स्वच्छ आल्या. मात्र उपचार संपल्यावर आणि सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक उरला नव्हता. म्हणून १६ आठवड्यांनंतरचा आधारगट आम्ही ऐच्छिक मानत नाही.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने थेट गटात येऊ नये. एकदम सोडल्यावर दोन-तीन दिवसांत फिट्स, भ्रम होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, आधी डॉक्टर. हेरॉइन, ब्राउन शुगरला नुसत्या गप्पा पुरत नाहीत, सोबत बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध लागतं. 'आमच्याकडे गोळ्या चालत नाहीत' असं अभिमानाने सांगणाऱ्या केंद्रात अशा रुग्णाला नेऊ नका. भारतात चौकशीसाठी १४४४६ हा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे. फोन करताना संध्याकाळच्या सत्रांबद्दल नक्की विचारा. सकाळी ११ची बॅच नोकरदाराच्या काही कामाची नाही.