ठेका चुकणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन नृत्य-अभ्यासक्रम : एक परीक्षण

नाचताना ठेका का चुकतो, या प्रश्नाभोवती आखलेला नवशिक्यांसाठीचा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तो पदन्यास शिकवण्याची घाई करत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. ठोका ओळखू येणे, पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच जाणवणे आणि नेमक्या त्या क्षणी शरीराचा भार दुसऱ्या पायावर पोहोचलेला असणे, या तीन निराळ्या गोष्टी असून त्यांपैकी आपले अडते कुठे हे शोधल्याशिवाय केलेला सराव वाया जातो, ही त्यामागची भूमिका मला पूर्णपणे पटली.

भार बदलण्याचा धडा तर अप्रतिम आहे. मिनिटाला १२० ठोके असतील, तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. ठोका ऐकून मग पाय उचलायला घेतला, तर तो टेकेपर्यंत वेळ टळलेली असते. टाळी अचूक वाजवणारी कितीतरी माणसे पावलांत मागे पडतात, ती यामुळेच. गुडघा सैल सोडताच कंबर ठोक्याच्या किंचित आधी कशी सरकू लागते, हे शिक्षिका बाजूने उभ्या राहून, अतिशय संथ लयीत दाखवतात.

पडद्यावर बोटाने ठोका देण्याच्या चाचणीत मात्र गंभीर त्रुटी आहे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि चाचणी तो उशीर शिकणाऱ्याच्या माथी मारते. आधीच धास्तावलेल्या माणसावर हा अन्याय आहे. तारेचे हेडफोन वापरण्याची सूचना सुरुवातीलाच हवी होती.

शिवाय अर्ध्याहून अधिक धडे मेट्रोनोमवरच, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिक करत ठोके देणाऱ्या यंत्रावरच, रेंगाळतात. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याला स्वरांची जाण व्यवस्थित होती, मेट्रोनोमबरोबर हालचालही जवळपास इतरांसारखी जमत होती, पण बहुतेक संगीतातला ठोका सापडत नव्हता. इतकी तीव्र अडचण विरळाच. तरीही अनेक वाद्यांच्या गर्दीतून ठोका वेचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याला येथे केवळ शेवटचे दोन धडे मिळाले आहेत.

ज्यांना गाण्यातला ठोका कळतो पण पाय मागे राहतात, त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. ज्यांना ठोकाच सापडत नाही, त्यांनी समोर बसून ऐकायला शिकवणारा शिक्षक आधी गाठावा.