राजदूत 350: कोरी असताना खरंच किती पळायची

पुतण्यानं मागच्या दिवाळीत जुनी राजदूत 350 घेतली. नवा रंग, चकचकीत क्रोम आणि दोन्ही बाजूंनी एक्सपान्शन चेंबर, म्हणजे रेसच्या गाड्यांना लावतात ते फुगीर सायलेन्सर. मी वावरातून घरी येईपर्यंत अंगणात गावातली सगळी पोट्टी जमली होती. "काका, दीडशेच्या वर जाते म्हणे इकणारा. एक चक्कर मारून पाहा नं जी." वडकीपर्यंत गेलो, परत आलो. आवाज भरपूर होता, पण ही ती गाडी नव्हे.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण 1984 मध्ये हीच गाडी मी कोरी घेतली होती. हाय टॉर्क, म्हणजे तिच्या दोन प्रकारांतली जास्त ताकदीची. दोन वर्षांच्या कापसाचा पैसा तिच्यात गेला आणि आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आज या गाडीबद्दल जे सांगितलं जातं, त्यात अर्धं ऐकीव असतं. जपानमधली यामाहा आरडी 350 बी 39 हॉर्सपॉवरची होती. एस्कॉर्ट्स कंपनीनं फरिदाबादला 1983 पासून तिच्यावरूनच बनवलेली आपली गाडी मात्र ताकदीत मुद्दाम आवळलेली होती. हाय टॉर्क 30.5 आणि नंतर आलेली लो टॉर्क 27. का आवळली? पेट्रोल वाचावं म्हणून. आपल्याकडे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच असतो. तरीही हाय टॉर्क लिटरला वीस-पंचवीसच द्यायची. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि लोकांनी तिकडे रांग लावली, यात नवल काय?

पण 30.5 म्हणजे कमी, असं कोणी समजू नये. तेव्हा गावात रुबाब होता तो बुलेटचा, ती 18 हॉर्सपॉवरची. दूधवाल्याची जुनी राजदूत 175 तर साडेसातची. त्यांच्या शेजारी ही 347 सीसीची, दोन सिलिंडरची, सहा गिअरची टू-स्ट्रोक. चार हजार आरपीएमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत, ती शहाण्या मुलीसारखी चालायची. बायकोला मागं बसवून बाजाराला न्या, काही तक्रार नाही. त्यातही रीड व्हॉल्व्हचा, म्हणजे एकाच दिशेनं उघडणाऱ्या पातळ झडपांचा, हात होता. आत ओढलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ते परत कार्बोरेटरकडे जाऊ देत नसत, म्हणून खालच्या वेगातही गाडी गुदमरत नसे. पाच हजारांच्या पुढं काटा गेला की आवाज एकदम बारीक आणि कडक व्हायचा. हँडल हलकं लागायचं आणि पोटात खड्डा पडायचा. साडेसहा हजारांच्या जरा पुढे तिचा खरा जोर संपायचा. त्यापुढं ओढून उपयोग नव्हता, तिथंच गिअर टाकायचा.

आता दीडशेची गोष्ट. 1985 च्या मार्च महिन्यात, पहाटे, वडनेरच्या पुढच्या सरळ पट्ट्यात मी आणि माझ्या मेव्हण्यानं ती मोजली. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग 7, आताचा 44. रस्त्यावर ट्रकसुद्धा नव्हता. मेव्हणा मागं बसला तर वजन वाढेल, म्हणून मी एकटाच गेलो. एचएमटीचं घड्याळ हँडलला सुतळीनं बांधलं आणि किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत सेकंद मोजले. तीन वेळा. 26, 26 आणि 27. म्हणजे फार तर ताशी 138. काटा मात्र दीडशेला टेकला होता. स्पीडोमीटरचा काटा पुढं पळतोच, बहुतेक गाड्यांत तसं असतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. डांबरावरून येणारी गार हवा डोळ्यांत पाणी आणत होती आणि दोन्ही बाजूंची रिकामी वावरं एकाच रेघेत मागं पळत होती. 138 पुरेसे होते.

थांबणं ही वेगळी गोष्ट. जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, इथं त्या जागी ड्रम. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच गाडीला मागं धरतं, ते इंजिन ब्रेकिंगही टू-स्ट्रोकला जेमतेम. एकदा संध्याकाळी पऱ्हाट्या भरलेली बंडी वावरातून सरळ रस्त्यावर आली, मागं ना कंदील ना काही. मी ऐंशीनं होतो आणि चूक माझीच. अंधार पडताना ऐंशी कशाला? बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर थांबलो. बैल फुसफुसला तो श्वास मला गुडघ्यावर लागला. त्या दिवसापासून दिवस मावळला की साठच्या वर गेलो नाही.

पुतण्याच्या गाडीत नेमकं काय बिघडवलंय ते आम्ही दोघांनी दुपारभर बसून पाहिलं. एक्सपान्शन चेंबर लावल्यानं सगळा जोर वर सरकला आहे. पाच हजारांच्या खाली गाडी रडते आणि आपल्या रस्त्यांवर माणूस बहुतेक वेळ तिथंच असतो. दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडत नाहीत. एका सायलेन्सरवर हात धरला तर फटका जोरात, दुसऱ्यावर मऊ. सगळ्यात वाईट म्हणजे ऑटोल्यूब पंपच काढून टाकला आहे. या गाडीला ऑइलची टाकी वेगळी, पंप थ्रॉटलच्या आणि इंजिनाच्या वेगाच्या हिशेबानं ऑइल सोडतो. जास्त पिळलं तर जास्त ऑइल. तो काढून पेट्रोलातच ऑइल मिसळायला सांगितलंय. उतारावर थ्रॉटल बंद आणि चाकं पळतात, तेव्हा पेट्रोलबरोबर ऑइलही जवळजवळ बंद. पिस्टन जाम व्हायला किती वेळ लागतो?

घ्यायचीच असेल तर पेट्रोल टाकीचा रंग पाहू नका. इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा, ऑइल पंप जागेवर आहे का पाहा, मूळ सायलेन्सर मागा. गाडी थंड असताना स्वतः किक मारा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर इंजिन गार होईपर्यंत तिथंच बसा, चहा घ्या. इंजिन बंद केल्यावर हवेनं गार होणाऱ्या त्या पात्या टिक टिक वाजतात, ते मात्र जरूर ऐका.

पुतण्याला मूळ सायलेन्सरची जोडी नागपुरात मिळाली. पंप अजून शोधतोय. तो बसला की वडनेरच्या पट्ट्यात मोजायला जाऊ नकोस, तिथं आता ट्रकांची रांग तुटत नाही, असं मी त्याला बजावून ठेवलंय. एचएमटी मात्र चावी देऊन काढून ठेवलं आहे.