बायपासनंतर घरी वापरलेली वेदनाशामक साधने: उशी, थंड पॅक, पट्टा आणि टेन्स

बायपास होऊन घरी आलेला माणूस उशांना टेकून स्वस्थ पडला असेल, तर त्याला फारसे दुखत नाही. दुखणे उफाळते ते खोकताना, शिंकताना, कूस बदलताना, पलंगावरून उठताना आणि छातीभर श्वास घेताना. माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात झाली आणि ऐन पावसाळ्यात ते फोंड्याला घरी आले, तेव्हा औषधांच्या जोडीला आम्ही चार साधने वापरली: खोकताना छातीशी धरायची उशी, थंड जेलचा पॅक, छातीचा पट्टा आणि कातडीवरून सौम्य विद्युत स्पंदने देणारे टेन्सचे यंत्र. या चारही साधनांना मी एकच कसोटी लावली आहे. ते वापरल्यावर बाबांना जोर लावून खोकता आले का, आणि स्पायरोमीटरमधले, म्हणजे नळीतून खोल श्वास ओढण्याचा व्यायाम करायच्या साधनातले, गोळे वर चढले का? पडल्या पडल्या बरे वाटणे एवढा निकष या शस्त्रक्रियेनंतर पुरत नाही.

या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापतात, दोन्ही बाजू फाकवून हृदयापर्यंत पोहोचतात आणि शेवटी ते हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे आणि पुरते मजबूत व्हायला सुमारे ३ महिने लागतात. या काळात दुखण्याच्या धास्तीने रुग्ण वरवर श्वास घेत राहिला, तर कफ आत साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग आकसतो आणि न्यूमोनियाला वाव मिळतो. दुखणे कमी करणे हा म्हणूनच लाड नसून फुप्फुसांच्या काळजीचा भाग आहे. डॉक्टरांनी दिलेले पॅरासिटामॉल आम्ही एकदाही बंद केले नाही. गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास झाला की व्यायाम, असा क्रम ठेवला. घरात उरलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र कोणी आपल्या मनाने देऊ नये. बायपासच्या आगेमागे होणाऱ्या वेदनांसाठी या गटातली औषधे वापरू नयेत, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ पासून त्यांच्यावर छापायला लावला आहे, कारण त्यांनी हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो.

चौघांत पहिला क्रमांक मी निःशंकपणे उशीला देते. ऑनलाइन मिळणारी हृदयाच्या आकाराची उशी दिसायला गोड होती, पण आत भुसभुशीत कापूस असल्यामुळे दाबली की चपटी होई आणि छातीला आधार मिळेना. शेवटी आईने जुन्या सुती साडीची घट्ट चौकोनी घडी घालून तिला अभ्रा शिवला आणि तीच कामाला आली. वापरायची रीत अशी: बसून थोडे पुढे झुकायचे, उशी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायची, श्वास भरून घ्यायचा आणि खोकला येतो त्याच क्षणी ती आत दाबायची. कापलेल्या हाडाच्या दोन्ही कडांना बसणारा हिसका त्या दाबाने आवरला जातो. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई प्रत्येक वेळी म्हणत, “बाबा, आधी उशी, मग खोकला.” पुढे तपासणीसाठी बांबोळीला जाता-येताना बाबा मागच्या सीटवर बसत आणि छाती व सीटबेल्ट यांच्यामध्ये हीच उशी धरत, बाणस्तारीच्या पुढे गतिरोधक आला की त्यांचे हात आपोआप घट्ट होत.

थंड पॅकबद्दल माझा अंदाज वेगळा होता. पावसाच्या गारव्यात छातीवर थंड काही ठेवणे आईला पटेना आणि मलाही ते धाडसाचेच वाटले. पण हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरच्या काही अभ्यासांत श्वासाच्या व्यायामापूर्वी आणि खोकण्यापूर्वी थंडावा दिल्याने वेदना कमी झाल्याचे आढळले आहे, आणि आमचा अनुभवही तसाच आला. जेलचा पॅक सुती पंच्यात गुंडाळून, जखमेवरचे ड्रेसिंग कोरडे राहील अशा बेताने, १५ ते २० मिनिटे ठेवायचा आणि लगेच स्पायरोमीटर हाती घ्यायचा. बाबांचा दुसरा गोळा एरवी मध्येच अडखळे. थंडाव्यानंतर तो वर जाऊन क्षणभर टिकत असे. पॅक दगडासारखा गोठवू नये. दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची आहे. छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी बायपाससाठी काढून घेतली असेल, तर त्या बाजूची, बहुधा डावीकडची, कातडी काही महिने बधिर राहू शकते. बधिर भागाला गार-गरम कळत नाही आणि इजा झाली तरी रुग्ण सांगू शकत नाही. बाबांच्या डाव्या बाजूला म्हणूनच आम्ही पॅक कधी ठेवला नाही.

पट्ट्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. उठता-बसता त्याने धीर येतो हे खरे, परंतु इलॅस्टिकचा पट्टा आवळून बांधला की छाती फुलायलाच जागा उरत नाही, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा तेच अडते. शिवाय गोव्यातल्या दमट हवेत त्याच्याखाली घाम साचून बाबांच्या काखेजवळ पुरळ उठले. तो घ्यायचाच झाला तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावा, पातळ सुती बनियनवरून बांधावा आणि व्यायामाच्या वेळी सैल करावा. स्त्री रुग्णांना मात्र पुढून बंद होणारी, नीट आधार देणारी ब्रा पट्ट्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण स्तनांच्या वजनाने जखमेवर येणारा ताण तिने कमी होतो.

टेन्सचे यंत्र दुकानदार सर्वांत उत्साहाने दाखवतात, त्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य विद्युत स्पंदने सोडली की त्या मुंग्यांच्या संवेदनेमुळे मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचा संदेश दबतो, ही त्यामागची कल्पना रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून आली. हाड फाकवताना बरगड्यांचे मागचे सांधे ताणले जातात, म्हणून पुष्कळ रुग्णांची पाठ खांद्याच्या फऱ्यांमध्ये ठणकत राहते. बाबांना छातीइतकाच हा त्रास होता. ताईंनी पॅड जखमेजवळ न लावता पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना लावले, सेकंदाला ८० ते १०० स्पंदने ठेवली आणि स्नायू उडणार नाहीत, नुसत्या स्पष्ट मुंग्या येतील इतपतच जोर दिला. पाठ खरोखर हलकी झाली, पण परिणाम मुख्यतः यंत्र चालू असेपर्यंतच राही. त्यामुळे ते लावूनच व्यायाम करणे श्रेयस्कर ठरले. दमट हवेत पॅडचा चिकटपणा लवकर जातो आणि नवे पॅड घेण्याचा खर्च पुन्हा पुन्हा होतो, हे विकताना कोणी सांगत नाही. पेसमेकर असलेल्यांनी, किंवा शस्त्रक्रियेनंतर हृदयाचे ठोके सांभाळायला लावलेल्या तात्पुरत्या पेसिंग तारा अजून काढलेल्या नसतील त्यांनी, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे यंत्र लावू नये. ओल्या जखमेवर, बधिर कातडीवर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला तर ते कोणीच लावू नये. फिजिओथेरपिस्टने पॅडच्या जागा आखून दिल्याखेरीज हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विकत न घ्यावे लागणारे दोन उपायही लाभले. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. व्यायामापूर्वी त्यांच्याच मंडळाचे ध्वनिमुद्रण लावले की त्यांचे उचललेले खांदे खाली येत आणि श्वास लांबत असे. दुसरा उपाय हलक्या मालिशचा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर प्रशिक्षित व्यक्तींकडून मालिश केल्यावर रुग्णांच्या वेदना आणि चिंता घटल्याची नोंद आहे. आमच्याकडे ताईंनी मान, खांदे आणि पाठ एवढ्यापुरतेच ते केले. छातीच्या हाडावर खोबरेल चोळून देण्याचा प्रेमळ आग्रह घरोघरी होतो, तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा.

यांपैकी कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी दुखण्याची जात ओळखावी. हालचालीने वाढणारे आणि आधार दिला की उतरणारे दुखणे या उपायांच्या आवाक्यातले आहे. हाडातून कटकट आवाज येणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप चढणे अथवा एका पोटरीला सूज येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि शस्त्रक्रियेपूर्वी होत असे तसे छातीत दाटून आले किंवा धाप लागली, तर पॅक-उशी बाजूला ठेवून तत्काळ १०८ ला फोन करावा.