तबकडीला कान नव्हता

आपण फसलो हे चारचौघांत सांगायला कुणाला आवडतं? त्यातून मी इथल्या मित्रमंडळींत 'रेकॉर्डमधला जाणकार' म्हणून मिरवणारा. म्हणून चार महिने गप्प बसलो होतो. पण मला जुनी रेकॉर्ड विकताना ज्या विक्रेत्याने फोटो दाखवून फसवलं, त्यानेच गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा टाकलेला दिसला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ते हे. तेव्हा लिहितोच.

प्रकरण जॅझ ट्रंपेटवादक ली मॉर्गनच्या 'द साइडवाइंडर' या एलपीचं. ब्लू नोट कंपनी, क्रमांक 4157. 21 डिसेंबर 1963 रोजी न्यू जर्सीत एंगलवुड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. मी राहतो एडिसनला, गाडीने तिथून तासाभराच्या अंतरावर. जॅझचा नाद मात्र मला अमेरिकेत लागलेला नाही, तो गिरगावातल्या आमच्या मोठ्या काकांचा वारसा. 1978 साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा ते धोबी तलावाच्या रंगभवनात जाऊन सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सला ऐकून आले होते. तो किस्सा आम्ही किमान पन्नास वेळा ऐकलाय.

मूळ छपाईच्या भानगडीत मी पडलो तेही एका लहान फसगतीमुळेच. काही वर्षांपूर्वी सुट्टीवर पुण्याला आलो होतो. एका दुकानात पन्नासच्या दशकातल्या जॅझच्या नव्याकोऱ्या एलपी दिसल्या. जाड पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर सोनेरी गोल स्टिकर, '180 ग्रॅम'. तीन घेतल्या. घरी लावल्या तर आवाज सपाट, जणू गाणारा काचेपलीकडे उभा आहे. चौकशी केल्यावर कळलं की त्या युरोपातल्या छपाईच्या होत्या आणि तिथे ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचाच होता. 2013 पासून तो 70 वर्षांचा झाला, पण 1962 पर्यंत बाजारात आलेल्या रेकॉर्डचे हक्क त्याआधीच संपले होते, ते परत आले नाहीत. त्यामुळे तिथल्या कुठल्याही छोट्या कंपनीने दुकानातून सीडी आणावी आणि तिच्यावरून एलपी छापावी, कायदा आडवा येत नाही. मूळ टेप त्यांच्या हाती नसतेच. आणि 180 ग्रॅम हे नुसतं प्लॅस्टिकचं वजन. जड ताटात वाढलं म्हणून आमटीला चव येत नाही, हे आमच्या आईने मला फुकट सांगितलं असतं.

हा गुन्हा नव्हता, माझं अज्ञान होतं. पण मनाने घेतलं की यापुढे घ्यायची तर अस्सल, पहिल्या छपाईचीच. चांगली नवी आवृत्तीही असते, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

आता 'कान' म्हणजे काय ते सांगतो. ब्लू नोटच्या तबकड्या वर्षानुवर्षं न्यू जर्सीतल्याच प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात छापल्या जात. शेवटची खाच संपते तिथपासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात त्या कारखान्याची एक बारीक खूण असे. आहे ते इंग्रजी 'पी' अक्षर, पण लफ्फेदार. उजेडात तिरकं धरलं की हुबेहूब माणसाचा कान दिसतो. 1965 साली ब्लू नोट ही लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला विकली गेली आणि 1966 पासून प्लास्टिलाइटमधली छपाई थांबली. म्हणून कान असेल तर तबकडी त्याआधीची.

खरी मेख पुढे आहे. नव्या मालकांनी जुनी शिल्लक लेबलं आणि कव्हरं फेकून दिली नाहीत, वापरून संपवली. शिवाय 'साइडवाइंडर' तुफान खपलेली, म्हणजे पुन्हा पुन्हा छापलेली. त्यामुळे निळं-पांढरं 'न्यूयॉर्क यूएसए' लेबल तेच, पट्टीत 'व्हॅन गेल्डर' हा ठसाही तोच, फक्त कान नाही, अशा प्रती बाजारात भरपूर आहेत. त्या खोट्या नव्हेत. पण किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

मी जिथून घेतली ती ऑनलाइन बाजारपेठ मोठी आहे आणि विक्रेत्याला शेकड्यांनी चांगले शेरे होते. अकरा फोटो. त्यातला सातवा कानाचा, इतका जवळून काढलेला की कानाच्या पाळीवरचा धुळीचा कणसुद्धा दिसावा. मी त्या फोटोवर भाळलो. किंमत 350 डॉलर. मी विचारलं, काही कमी होईल का? (मुंबईकर माणूस, न विचारता कसा राहीन.) तो म्हणाला, इथून घेतलीस तर मला कमिशन भरावं लागतं, बाहेरून परस्पर पैसे पाठव, 320 ला देतो. आणि पाठवताना 'ओळखीच्या व्यक्तीला' हा पर्याय निवड, म्हणजे तिथेही शुल्क पडणार नाही.

तीस डॉलर वाचले म्हणून मी खूश. बाजारपेठेचं संरक्षण गेलं आणि पैसे पाठवणाऱ्या ऍपचंही गेलं, हे लक्षातच आलं नाही. त्या पर्यायाचा अर्थ सरळ आहे: हा व्यवहार खरेदीचा नाही, मी माझ्या माणसाला पैसे देतोय. मग वस्तू काय आली, आली की नाही, याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं.

सहा दिवसांनी पार्सल आलं. कव्हर सुरेख. आतलं कागदी पाकीट बाहेर काढलं तर त्यावर 'ब्लू नोटची 27 वर्षं' अशी जाहिरात. कंपनी 1939 सालची. त्यात 27 मिळवले की 1966. रेकॉर्ड 1964 ची आणि पाकीट 1966 चं? मनात पाल चुकचुकली. पण पाकिटं अदलाबदल होतात म्हणून मी स्वतःची समजूत घातली. मग तबकडी दिव्याखाली धरली. व्हॅन गेल्डरचा ठसा होता. कान नव्हता. दुसरी बाजू पाहिली. चष्मा पुसला. मोबाइलचा टॉर्च लावला. बायकोला बोलावलं, तिची नजर चांगली आहे. ती म्हणाली, "कान कसला शोधताय तुम्ही तबकडीत?"

मग फोटो उघडून बसलो आणि जे विकत घेण्याआधी करायला हवं होतं ते केलं. लेबलाच्या मधल्या भोकाभोवती बारीक ओरखडे असतात, टर्नटेबलची खुंटी चाचपडताना पडलेले. प्रत्येक प्रतीचे वेगळे, बोटाच्या ठशासारखे. लेबलाच्या फोटोतले ओरखडे माझ्या तबकडीशी तंतोतंत जुळत होते. मात्र कानाच्या फोटोत लेबलाचा एक तुकडासुद्धा नव्हता. दहा फोटो माझ्या प्रतीचे, हा एक कुठल्यातरी भलत्याच प्रतीचा.

त्याला लिहिलं. पहिलं उत्तर गोड होतं: नीट बघ, पुसट असेल. दुसरं: ही लेबलंही अस्सलच आहेत, मी 'अस्सल' एवढंच म्हटलं होतं. तिसरं उत्तर आलंच नाही. बाजारपेठेवर तक्रार केली तर म्हणाले, आमच्यामार्फत विक्री झालेलीच नाही. ऍपवाल्यांनी तो पर्याय दाखवला. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. तिघांचंही बरोबर होतं, हेच जास्त लागलं.

आता मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होवो. आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी तबकडीवर ठेवून, कान आणि लेबलाचं भोक एकाच चौकटीत येईल असा फोटो मागतो. खऱ्या विक्रेत्याला दोन मिनिटं लागतात. आढेवेढे घेणाऱ्याचं आणखी काही ऐकत नाही. व्यवहार बाजारपेठेच्या बाहेर कधीच नाही, तीस डॉलर त्यांना खुशाल जावोत. आणि फक्त ऐकण्यासाठी हवी असेल तर ब्लू नोटनेच 'क्लासिक व्हायनल' मालिकेत हीच एलपी नव्याने काढली आहे. केविन ग्रे या तंत्रज्ञाने मूळ टेपवरून ती कापली आहे, म्हणजे छपाईच्या साच्यासाठी खाचा कोरल्या आहेत. आवृत्ती नवी असली तरी कुणी, कशावरून कापली हे छापलेलं असेल तर घ्यावी. नुसते ग्रॅम छापले असतील तर ठेवून द्यावी.

काकांना फोनवर सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "अरे, तुझ्या डोक्याला दोन कान आहेत ना? तबकडीला तिसरा कशाला?" त्यांचं चूक नाही. माझी प्रत वाजते उत्तम. त्यातल्या ड्रमवाल्या बिली हिगिन्सचा ठेका सुरू झाला की घरात पाय हलतात, कान असो नसो. पण काकांनी 320 डॉलर दिलेले नाहीत.

गेल्या रविवारी एका चर्चच्या तळघरात रेकॉर्डचा बाजार भरला होता, तिथे ती विकायला घेऊन गेलो. आत चिठ्ठी घातली होती: 'कान नाही, 1966 नंतरची छपाई.' एका दुकानदाराने तबकडी दिव्याखाली फिरवली, चिठ्ठी वाचली आणि 70 डॉलर देऊ केले. भाव वाजवी होता. मी हो म्हणणार इतक्यात त्याने दोन बोटांनी चिठ्ठी ओढून काढली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडेच राहू दे."

मी चिठ्ठी घेतली. मग तबकडीही परत मागितली.